चार नंबरच्या बोटीची पहिली नोंद

४ नोव्हेंबर

सुतारपक्षी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, एवढ्यावरच मामा खूश आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. पत्राचं बरं असतं. वाचलं की कचऱ्यात टाकलं हे पाठवणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे वाचलं असं धरून पुढे लिहिता येतं.

घरचं आधी. ताईचा गुडघा आता जिना चढतो, पण कुरकुरत. कुरकुर गुडघ्याची की तुझ्या आईची हे मला विचारू नकोस, मला याच घरात राहायचं आहे. तुझ्या खोलीत शिवणयंत्र हलवायचं असं मामी नऊ महिने म्हणतेय आणि नऊ महिने नेमकं त्याच दिवशी तिला दुसरं काम निघतं.

वर्कशॉपमध्ये तुझ्या टेबलावर आता एक चष्मेवाला बसतो. माणूस बरा आहे. शिंकला तरी माफी मागतो. तुझ्या सगळ्या फायली त्याने जशाच्या तशा लावून ठेवल्यात, त्यामुळे त्याच्यावर राग धरायला मला अजून कारण सापडलेलं नाही. शोधतोय.

परवा ताईने चहा पिताना विचारलं, "माझी पोरगी तुमच्या त्या बोटींच्या कारखान्यात नक्की करायची तरी काय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं बघ. मी सांगितलं, की आपल्या बोटींचा तळ म्हणजे काचेच्या कापडाचे आणि राळेचे एकावर एक बसवलेले थर. आतल्या अंगाला शर्टाच्या बटणाएवढ्या सोळा चकत्या चिकटवलेल्या. एक चकती थरथरते, कानाला ऐकू येणार नाही अशी लाट सोडते, ती लाट थरांच्या अंगातूनच धावत जाते आणि बाकीच्या चकत्या ती ऐकतात. टाकीखाली, इंजिनखाली, जिथे हात पोचत नाही की डोळा पोचत नाही, तिथूनही ती जाते. वाटेत थर एकमेकांपासून सुटलेले असले की लाट उशिरा येते आणि तिचा आकार बिघडतो. हे सगळं ताडायचं कशावरून? तर बोट कोरी असताना, टाकी बसायच्या आधी घेतलेल्या पहिल्या नोंदीवरून. दर महिन्याची नोंद त्या पहिल्या नोंदीशेजारी ठेवायची. फरक नाही तर बोट ठणठणीत.

ताई म्हणाली, "आणि पहिल्या दिवशीच काही बिघडलेलं असलं तर?"

मी म्हटलं, चहा गार होतोय.

असो. सोमवारी चार नंबरच्या बोटीची महिन्याची तपासणी झाली. सातव्या चकतीकडून अकराव्या चकतीकडे जाणारी लाट किंचित उशिरा आली. यंत्राने पिवळा दिवा लावला. मॅडम म्हणाल्या, अकराव्या चकतीचा गोंद जुना झाला असेल. चष्मेवाला "असेल" म्हणाला. गोंद मीच लावलेला आहे. माझ्या गोंदाला कुणी नावं ठेवली आणि मी भांडलो नाही, असं पहिल्यांदाच झालं. चष्मेवाला माझ्याकडे बघतच राहिला.

म्हणून सहज विचारतो. असं गोंदामुळे होऊ शकतं ना? एका ओळीत लिहिलंस तरी चालेल. हो लिहिलंस तर फारच बरं.

मामा


१२ नोव्हेंबर

सुतारपक्षी,

उत्तराची अपेक्षाच नव्हती, असं लिहिणार होतो. पण टपालवाल्याच्या वेळेला मी जिन्यात उभा असतो, हे मामी तुला कधीतरी सांगेलच, तेव्हा थाप मारण्यात अर्थ नाही.

तू सांगितलं नाहीस म्हणून तुझी फाईल काढून वाचली. चष्मेवाल्याला सांगितलं, जुनं काहीतरी बघायचंय. तिसऱ्या पानावर तुझ्या अक्षरात आहे: चकतीचा गोंद सुटला तर त्या चकतीकडे येणाऱ्या सगळ्याच वाटा बिघडतात. एकच वाट बिघडली तर चकतीला बोल लावू नये, वाटेत बघावं. खाली दोन रेघा. तू शाळेत असल्यापासून राग आला की दोन रेघा मारतेस.

बाकीच्या वाटा मी तपासून पाहिल्या. सगळ्या ठीक आहेत. फक्त सात ते अकरा.

फाईल हातात होती म्हणून पुढचंही वाचलं. तू जानेवारीत केलेलं ते टिपण. तीन, चार आणि पाच नंबरच्या बोटी एकाच साच्यातल्या. तू त्यांच्या पहिल्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि दाखवलंस, की चार नंबरच्या सात ते अकरा या वाटेवरची लाट पहिल्याच दिवशी उशिरा आलेली आहे. म्हणजे दर महिन्याला आपण बिघाडाची तुलना बिघाडाशी करत होतो आणि फरक नाही म्हणून खूश होत होतो. तिकडे कुणी कधी बघितलं नव्हतं, कारण पहिली नोंद म्हणजे खरी, असं आपण सगळे धरून चाललो होतो. ती नोंद घेणारी तू होतीस. स्वतःच्याच सहीवर बोट ठेवायला छाती लागते. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

बैठकीत तू म्हणालीस, टाकी काढून खालचा तळ बघू या. मॅडम म्हणाल्या, टाकी काढायची तर बोट तीन आठवडे बंद, काही ठोस आहे का? तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. "मामा, पहिली नोंद घ्यायच्या आधी त्या जागेवर काही पडलं होतं का? तुम्ही होतात तिथे."

मी म्हणालो, "नाही. माझ्या हातून तीस वर्षांत काही पडलेलं नाही."

सगळे हसले, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. शिडीवर चढायचं तर हत्यार मनगटाला दोरीने बांधायचं, हा नियम मी आणला. दोरी नसलेल्याला मी शिडीवरून खाली उतरवलंय, एकदा तर पाहुण्यांच्या देखत. त्याचा बिचाऱ्याचा चेहरा अजून आठवतो. तर हसू झालं आणि विषय संपला.

जिना उतरताना तू एवढंच म्हणालीस, "मामा, तुझं उत्तर उशिरा आलं."

ऑफिसात तुम्ही आणि घरी तू, असा आपला करार. तो तू जिन्यात मोडलास म्हणून मी तुझ्यावर ओरडलो. मला कशावर तरी ओरडायचंच होतं. पुढच्या आठवड्यात मॅडमनी तुला पत्र दिलं, की पुराव्याशिवाय घबराट पसरवली. तू राजीनामा दिलास आणि पवनचक्कीची पाती तपासायला त्या टोकाला निघून गेलीस. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी दारात उभा होतो. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

आता हे सगळं उगाळण्याचं कारण. चार नंबरची बोट एक डिसेंबरपासून बाहेरच्या बेटाच्या फेरीवर जाणार. इतकी वर्षं ती खाडीतल्या शांत पाण्यात फिरली. बाहेर समुद्र तळाला थपडा मारतो. एका फेरीला एकशे दहा माणसं.

तू बरोबर होतीस असं मी म्हणत नाहीये. फक्त कळवतोय.

मामा


२० नोव्हेंबर

सुतारपक्षी,

सांगून टाकलं. आधी मामीला, मग मॅडमना, आता तुला. क्रम चुकलाय, हे मामीने सांगून झालंय.

मामीने रविवारी ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, "चार दिवस झाले, तुम्ही मिठाला नावं ठेवली नाहीत. काय केलंय?"

काय झालंय असं नाही, काय केलंय. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस पारदर्शक होतो. मी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"पोरीला सांगितलं?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?" म्हणाली, आणि उशीच्या अभ्र्याची घडी तिने तीनदा मोडून घातली.

तर ऐक. चार वर्षांपूर्वी, तू पहिली नोंद घेतलीस त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेचारला, मी शिडीवर होतो. वरच्या आडव्या दांड्याचे बोल्ट आवळत होतो. दोरी तुटली आणि पाना खाली गेला. तळावर पडला, सात आणि अकराच्या बरोबर मधे. तू तेव्हा बाहेर वायरी मोजत होतीस. वर्कशॉपमध्ये एवढा खडखडाट असतो, की कुणी मान वळवली नाही.

खाली उतरून पाहिलं. रंगावर नखाएवढी खूण नाही. खिशातलं नाणं काढून ठोकून पाहिलं, जसं तू पाच वर्षांची असल्यापासून घरातली कपाटं, भिंती आणि माझं टक्कल ठोकत आलीस तसं. आवाज ठीक आला. ठीक म्हणजे मला हवा तसा आला. थरांच्या मालाचं हेच वाईट. मार वरून बसतो आणि सुटतं खाली. हे मी स्वतः नवीन लोकांना शिकवतो.

त्याच वेळी सांगितलं असतं तर तळ काढून परत पाठवला असता, तू दोन महिने नुसती बसून राहिली असतीस. दुसऱ्या दिवशी तुझी पहिली सही व्हायची होती. तू त्यासाठी नवं पेन आणलं होतंस. तुझ्यासाठीच गप्प बसलो, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो. मामीलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "आणि बैठकीत खोटं बोललात तेही तिच्यासाठीच का?"

खरं कारण एवढंच, की माझ्या हातून काही पडत नाही, हे मला फार आवडायचं.

सोमवारी सकाळी मॅडमकडे गेलो. त्या ओरडतील म्हणून तयारीत होतो. ओरडल्या नाहीत. आधी फोन उचलून त्यांनी चार नंबरची बोट धक्क्यालाच थांबवायला सांगितलं, मग मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, "ती विचारत होती तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"खोटं बोललो."

"तुमच्या शब्दावर मी तिला ते पत्र दिलं."

"हो."

त्यांनी वही पुढे ओढली. मग एकच विचारलं, "दोरी होती ना?" मी म्हटलं, होती, तुटली. त्यांनी ते लिहून घेतलं.

टाकी काढायचं ठरलंय. पोरी, मी तुझं नाव घालवलं. तुझ्या हातात एक खरी गोष्ट होती आणि मी ती सगळ्यांसमोर खोटी पाडली. मला याची लाज वाटते. माफ कर असं लिहायला पेन धरतोय आणि ते फार छोटं वाटतंय, तरी लिहितो. माफ कर.

मामा


२९ नोव्हेंबर

सुतारपक्षी,

टाकी काढली. तळ उघडा झाला तेव्हा सगळे जमले. वरून काही नाही. गुळगुळीत. एकजण हळूच म्हणालासुद्धा, मामा उगीच घाबरले. मग चष्मेवाल्याने खडूने चौकोन काढला, तेवढा भाग कापून बाहेर काढला आणि कडेने बघितलं. खालचे पाच थर एकमेकांपासून सुटलेले, माझे दोन्ही पंजे शेजारी ठेवले तर जेवढी जागा होईल तेवढे. मधलं जुनं, काळपट पडलेलं. कडेचं ताजं, पांढरं. म्हणजे ते वाढत होतं. म्हणूनच आत्ता पिवळा दिवा लागला.

बाहेरच्या समुद्रात किती दिवस टिकलं असतं, असं मी चष्मेवाल्याला विचारलं. त्याने चष्मा पुसायला घेतला. काच स्वच्छच होती.

थर कुठवर सुटले असतील ते दाखवायला तुझ्या टिपणात पेन्सिलीने काढलेला एक लंबगोल आहे. तो कागद त्याने कापलेल्या तुकड्यावर धरला. जेमतेम तीन बोटांचा फरक. मॅडमनी तो कागद मागून घेतला आणि आपल्या खोलीत गेल्या.

मॅडम तुला वेगळं पत्र लिहिताहेत. जुनं पत्र त्या मागे घेणार आहेत, सगळ्यांना कळेल असं. कापलेल्या जागी नवे थर पंधरा डिसेंबरपर्यंत बसतील. पहिली नोंद तू येऊन घ्यावीस अशी त्यांची इच्छा आहे. तुझी इच्छा काय ते तू त्यांना कळव, मला कळवलं नाहीस तरी चालेल.

माझं म्हणशील तर महिनाभर सक्तीची रजा, आणि पुढे शिडी बंद. रास्त आहे. शिवाय एक नवा कागद निघालाय. पहिली नोंद घ्यायच्या आधी, त्या तळाला हात लावलेल्या प्रत्येकाने भरायचा. काय पडलं, कुठे पडलं, केव्हा पडलं, आणि सही. काही पडलं असं लिहिणाऱ्याला कुणी बोलणार नाही, असं वर छापलंय. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. पोरं त्याला "मामांचा कागद" म्हणतात. तीस वर्षं घासल्यावर माझ्या नावाने काहीतरी निघालं म्हणायचं.

ताईला सगळं कळलंय. ती माझ्याशी बोलत नाही. चहा मात्र ठेवते, कप जरा जोरात ठेवते.

मामा


८ डिसेंबर

सुतारपक्षी,

तुझं कार्ड साडेअकराला आलं. आता बारा वाजायला दहा मिनिटं आहेत.

आधी वाटलं, मागच्या बाजूला काही असेल. उलटून पाहिलं. मागे फक्त पत्ता. पुढे तीन ओळी: पाना कितीचा होता? किती उंचीवरून पडला? दोरी कुठे तुटली, गाठीपाशी की मधे?

ख्यालीखुशाली नाही, रागही नाही. मामीने वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. ताईने वाचलं आणि म्हणाली, "हे काय पत्र झालं?" मी म्हटलं, ताई, अकरा महिन्यांनी पोरगी माझ्याशी बोलली.

तर उत्तरं, विचारल्याच क्रमाने.

पाना शेहेचाळीस मिलिमीटरचा. त्या दिवसानंतर तो मी वर्कशॉपमध्ये ठेवला नाही, घरी आणून माळ्यावर टाकला होता. आत्ता काढून मामीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. आडवा नाही पडला, तोंडाच्या बाजूने पडला. म्हणून मार एका जागी बसला असणार.

उंची. मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होतो, हात डोक्याच्या वर. शिडी इथे नाही, पण पायऱ्यांमधलं अंतर मला पाठ आहे. टेपने भिंतीवर मोजून खूण केली. तीन मीटरला चार बोटं कमी. मामी म्हणाली, भिंत खराब केलीत. मी म्हटलं, राहू दे.

दोरी. इथवर पटापट लिहिलं आणि इथे पेन थांबलं. किती वेळ थांबलं तेही सांगतो, कारण तू ते मोजशीलच. मामीने कुकर उतरवला तेवढा वेळ.

दोरी कुठेच तुटली नाही. बांधलेलीच नव्हती. माझ्या खिशात होती, गुंडाळून. चारच बोल्ट राहिले होते, चहाची वेळ झाली होती आणि मनात आलं, मला कशाला हवीय दोरी. मामीला तुटली म्हणून सांगितलं. मॅडमना तुटली म्हणून सांगितलं. तुला लिहिलं तेव्हाही तेच लिहिलं. सगळं कबूल केलं, पण एवढं मात्र हातचं राखून ठेवलं. ज्याला मी पाहुण्यांसमोर शिडीवरून उतरवलं त्याच्या नजरेला नजर देता यावी, म्हणून. तू नेमकं तिथेच ठोकलंस.

हे वाक्य मामीने माझ्या खांद्यावरून वाचलं. तुझ्या खोलीची चादर बदलायला गेली. शिवणयंत्र होतं तिथेच आहे.

मी आता वर्कशॉपला निघतोय. मॅडमनी लिहून घेतलेलं दुरुस्त करायचं आहे, आणि त्या माणसाला भेटायचं आहे. पत्र वाटेत पेटीत टाकतो, दीडची डाक मिळेल.

आणखी काही विचारायचं राहिलं असेल तर विचार. कार्डावर विचार, जिन्यात विचार, सगळ्यांच्या देखत विचार. या वेळी उत्तर उशिरा येणार नाही.

मामा